आधी राऊंड, मग डबा

आमच्या शाळेच्या मैदानाला दहा राऊंड मारले की एक मैल होतो, असं निकम सर सांगायचे. ते खरं होतं की नाही, कोणी मोजून पाहिलं नव्हतं. मैदान म्हणजे मुरमाचा एक वाकडा चौकोन. एका बाजूला शाळेची कौलारू बैठी इमारत, समोर कारखान्याची उंच भिंत, एका अंगाला निवडुंगाचं कुंपण आणि चौथ्या अंगाला सिमेंटची टाकी, तिला तीन नळ. भिंतीपलीकडे काय तयार व्हायचं ते आम्हाला ठाऊक नव्हतं, पण दुपारी वारा आमच्या बाजूला फिरला की घशात आंबट खवखव व्हायची आणि सगळा वर्ग एकदम खोकायला लागायचा. दोनचा भोंगा झाला की मधली सुट्टी. डबा पाच मिनिटांत संपवायचा, त्यातला निम्मा चालता चालता, आणि उरलेला वेळ लंगडी, लगोरी, विषामृत. आम्हाला पळा म्हणून कोणी सांगायला लागत नव्हतं. इतकं पळायचो की सुट्टीनंतरच्या तासाला बाई वर्गात आल्या की आधी खिडक्या उघडायच्या.

मी वर्गातली सगळ्यात वेगवान मुलगी होते. मुलांना धरूनही पहिल्या तिघांत. हे सांगायला मला अजूनही आवडतं, ही गोष्ट लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

मंदा आमच्या मागच्या चाळीत राहायची. आम्ही अंबरनाथ पूर्वेला एका दुमजली बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर, आणि आमच्या गॅलरीतून खाली बघितलं की त्यांच्या चाळीचे पत्रे. माझे पप्पा कारखान्यात फोरमन होते आणि मंदाचे वडील त्यांच्याच खात्यात मशीनवर. ते पप्पांना घरीसुद्धा साहेब म्हणायचे आणि आमच्या दारात आले तर चपला जिन्याखाली काढून यायचे. मंदाची आई, म्हणजे आमची काकी, औषधांच्या बाटल्या पॅक करायच्या एका छोट्या कंपनीत जायची. ती माणसं जुन्नरकडची. काकीच्या हातची शेंगोळी मी जितकी खाल्ली तितकी मंदाने खाल्ली नसेल. हुलग्याच्या पिठाचे ते वळलेले तुकडे लसणाच्या रश्श्यात रटरटत असले की वास थेट आमच्या गॅलरीत यायचा, आणि मी काहीतरी वही मागायच्या निमित्ताने खाली उतरायची. आमच्याकडे आई जेवण चांगलं करायची, पण मोजून. चपात्या तीन, भाजी वाटीभर. काकी ताट रिकामं दिसलं की वाढायची, विचारायची नाही. मंदा अंगाने भरलेली होती, गोबऱ्या गालांची, हसली की डोळे मिटणारी. आजच्या मानाने तिला कोणी जाडीही म्हटलं नसतं.

निकम सर आमच्या सातवीच्या वर्षी आले. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये राहायचे आणि सायकल मारत शाळेत यायचे. अंग वेतासारखं, शर्ट कायम पॅन्टमध्ये खोचलेला, गळ्यात शिट्टी. माणूस वाईट नव्हता. त्यांना मनापासून वाटायचं की मुलांची शरीरं वाया चालली आहेत आणि ती वाचवायचं काम आपल्याकडे आलं आहे. हे मी स्वतः तीस वर्षं पीटी शिकवून झाल्यावर म्हणते आहे. असं मनापासून वाटणाऱ्या माणसांची मला आता जरा भीती वाटते.

गणपती होऊन गेल्यावर एके सकाळी त्यांनी टेम्पोतून एक काटा आणला. त्यांच्या शेजारी किलोवर कापड विकणारा एक सिंधी व्यापारी होता, त्याच्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणलेला, गठ्ठे तोलायचा लोखंडी पाट असलेला काटा. मैदानात रांग लावली आणि एकेकाला पाटावर उभं केलं. सर वजन मोठ्याने वाचायचे आणि मी वहीत लिहायची, कारण कॅप्टन मी होते. मंदा चढली तेव्हा पाटाचा जरा आवाज झाला. तो सगळ्यांच्या वेळी होत होता. पण मागून कोणीतरी म्हणालं, "सर, काटा सेठजीला परत द्यायचाय, जपून," आणि सगळी रांग हसली. सरही हसले. मीही.

दोन याद्या झाल्या. काटकुळ्यांची मोठी होती, त्यांना मधल्या सुट्टीत मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. दुसऱ्या यादीत फक्त सहा नावं. सरांनी नियम सांगितला, "आधी राऊंड, मग डबा." पाच राऊंडपासून सुरुवात, दर आठवड्याला एक वाढवायचा. मोजायची जबाबदारी माझ्यावर. त्यांनी गळ्यातली जुनी शिट्टी काढून मला दिली. पितळेची, तोंडात धरली की जिभेला आंबट लागायची. ती मी घरी नेली, राखेने घासली आणि उशाखाली ठेवून झोपले.

पहिले काही दिवस मी नीट मोजत होते. सहा जण पळायचे, पाच राऊंड झाले की मी शिट्टी वाजवायची आणि ते धापा टाकत डब्याकडे धावायचे. मग एकदा मंदाने निवडुंगाकडचा कोपरा जरा आतून घेतला. मी म्हटलं, "हा राऊंड धरला नाही." ती थांबली, माझ्याकडे बघून हसली, तिला वाटलं मी गंमत करते आहे. म्हणाली, "शैले, चल ना, भूक लागलीय." मी शिट्टी वाजवली. ती परत पळाली. टाकीजवळ बसलेल्या पोरी टाळ्या पिटायला लागल्या, आणि माझ्या छातीत असं काहीतरी गोड भरून आलं की ते मी आजही विसरलेले नाही. मैदानात पहिली आल्यावरसुद्धा तसं वाटायचं नाही. त्यानंतर रोज तिचा एक तरी राऊंड मी धरायची नाही. कधी दोन. बाकीच्या पाचांचं मी नीट मोजत होते. मंदा माझी मैत्रीण होती, ती तक्रार करणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून तिच्याशीच मी तसं वागले. दुसरं कारण मला सापडलेलं नाही.

तिला नावं पडली. पिंप, रोडरोलर, ऑइल टँकर. काही मी ठेवलेली. तिचे राऊंड होईपर्यंत सुट्टी संपत यायची आणि डबा शाळा सुटेपर्यंत तसाच राहायचा. एकदा तिच्या डब्यातले धपाटे मी उघडून वाटले. मी एकटी खाल्ले असते तर निदान भुकेचं कारण असतं. मी सगळ्यांना वाटले. ती परत आली, डब्याचं झाकण लावलं आणि वर्गात गेली. संध्याकाळी मी खाली त्यांच्याकडे गेले तर काकी म्हणाली, "आज डबा चाटूनपुसून खाल्ला गं हिने. पळायला लागल्यापासून भूक सुधारली." मंदा दप्तर लावत होती. तिने वर बघितलं नाही.

दिवाळीनंतर सर्वांना एकदम दिसायला लागलं की मंदा बारीक होते आहे. गाल गेले. फ्रॉकचा पट्टा मागच्या भोकात गेला, मग त्याच्याही मागे सुई मारून भोक पाडावं लागलं. सरांना तर काय करू नि काय नको झालं. एका सकाळी प्रार्थनेनंतर त्यांनी तिला पुढे बोलावलं, व्हरांड्याच्या पायरीवर उभं केलं आणि तिच्या फ्रॉकचं कमरेशी लोंबणारं कापड चिमटीत धरून सगळ्या शाळेला दाखवलं. "बघा. तीन महिन्यांपूर्वी ही मुलगी कशी होती आणि आता कशी आहे. ह्याला म्हणतात इच्छाशक्ती." सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या. मग सरांनी माझंही नाव घेतलं. मंदा हसत होती, डोळे मिटेपर्यंत. खाली येऊन माझ्या शेजारी उभी राहिली तेव्हा माझा हात धरून हळूच म्हणाली, "तुझ्यामुळे झालं."

माझ्या नातीच्या शाळेतून हल्ली फोनवर तिचा फिटनेसचा तक्ता येतो. उंची, वजन, लवचिकता, आणि प्रत्येकापुढे हिरवा, पिवळा नाहीतर लाल गोळा. त्यांच्या शाळेला मैदान नाही, पार्किंगच्या लाद्यांवर मुलं मधल्या सुट्टीत रांगेने चालतात आणि मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं. मागच्या महिन्यात तिच्या वजनापुढचा गोळा लालचा पिवळा झाला, तर आमच्या सूनबाईंनी तो सगळ्यांना पाठवला. मी सुनेला म्हटलं, ही पाणी किती पिते, बघ जरा. ती म्हणाली, "आई, कमी झालं वजन तर चांगलंच आहे ना." मी तरी बघ म्हटलं. तिने बघितलं, काही नव्हतं. आता हे सगळं वाचल्यावर तिला कळेल मी का विचारलं.

मंदाला तहान लागायची. ती साधी तहान नव्हती. डिसेंबर होता, सकाळी तोंडातून वाफ निघायची, आम्ही बाकीच्या पोरी पाण्याला हात लावायला नको म्हणायचो, आणि ती प्रत्येक तासाला बाईंना विचारायची, पाणी पिऊन येऊ, लगेच थोड्या वेळाने, एकीला जाऊ. बाई वैतागायच्या. निकम सरांनी यादीतल्या मुलांना सांगून ठेवलं होतं की पळताना पाणी प्यायचं नाही, पाण्याने अंग फुगतं, मेहनत वाया जाते. त्या काळी असं पुष्कळ लोक मानायचे. मला ते सांगण्याचीही गरज नव्हती. मंदा टाकीकडे वळली की मी पळत जाऊन नळांच्या पुढे उभी राहायची. "आधी राऊंड."

"एक घोट, शैले."

"सरांना सांगू?"

ती परत पळायला लागायची. आता ती पळत नव्हतीच खरं तर, पाय ओढत चालत होती, आणि तोंड उघडं. तिच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. बाकीचे पाच जण केव्हाच यादीतून सुटले होते, कोणाचं वजन उतरलं, कोणाच्या आईने चिठ्ठी दिली. मैदानात गोल फिरणारी ती एकटी उरली होती, आणि वजन एवढं उतरूनही तिचं नाव मी काढलं नव्हतं. सर विसरले होते. मी आठवण केली नाही.

एके दिवशी मी नळापाशी उभी असताना ती शिपायाच्या खोलीमागे गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी बघायला गेले. शिपाई लादी पुसायला बादली भरून ठेवायचा, त्यात फडकं तसंच भिजत पडलेलं असायचं. मंदा गुडघ्यावर बसून, दोन्ही हात बादलीच्या कडेला धरून, तोंड लावून त्यातलं पाणी पीत होती. जनावर पितं तसं, न थांबता. मी ओरडून सगळ्या पोरींना बोलावलं. मंदाने मान वर केली, हनुवटीवरून काळपट पाणी गळत होतं. मला बघून ती म्हणाली, "एवढंच. आता मारते राऊंड."

आणखी एक गोष्ट मी पाहिली होती. मुलींच्या मुतारीत ती जाऊन आली की त्या जागी मुंग्या लागायच्या. पोरी नाक दाबून हसायच्या, म्हणायच्या, "मंदाची मिठाईची गाडी." कोणत्याही म्हाताऱ्या बाईला त्या मुंग्या दाखवल्या असत्या तर तिने कपाळाला हात लावला असता. आमच्यात म्हातारं कोणी नव्हतं.

त्या आठवड्याच्या शेवटी मंदा वर्गात बाकावर डोकं ठेवून उठलीच नाही. बाईंनी मला आणि आणखी एका मुलीला तिला घरी पोचवायला पाठवलं. वाटेत ती दोनदा ओकली. तिच्या तोंडाला एक विचित्र वास येत होता, पिकून उतरलेल्या पेरूसारखा. काकीला कंपनीतून बोलावून आणलं. नाक्यावरच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, पोट दाबलं, जीभ बघितली, आणि अशक्तपणा म्हणाले. पण त्यांनाही काहीतरी शंका आली असावी. काकीला त्यांनी विचारलं, पोरगी पाणी फार पिते का, सारखी बाथरूमला जाते का. काकी दिवसभर कामावर, तिला काय ठाऊक. मंदाला विचारलं तर ती नाही म्हणाली. पाणी पिणं हा तिच्या लेखी गुन्हा झाला होता, कबूल कशी करेल. डॉक्टर म्हणाले, शाळेतल्या कोणाला तरी विचारून मला सांगा.

काकीने मला बोलावलं. संध्याकाळचे पाच-साडेपाच झाले असतील, चाळीतल्या बायका नळावर भांडी घासत होत्या. मंदा खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपली होती आणि तिचा श्वास मोठा मोठा चालला होता, पळून आल्यासारखा. काकी माझ्यासमोर जमिनीवर बसली. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले.

"शैला, बाळा, तू असतेस हिच्याबरोबर दिवसभर. ही पाणी फार पिते का गं शाळेत? खरं सांग. डॉक्टरांना सांगायचंय."

माझ्या डोळ्यांपुढे बादली आली. पाण्याचं सांगितलं की बादलीचं येणार, बादलीचं आलं की नळ, नळ आला की मी. माझे पप्पा, तिचे वडील, जिन्याखालच्या चपला, सगळं मला एकदम दिसलं. बारा वर्षांची होते मी. एवढा सगळा हिशोब करायला मला जेमतेम दोन क्षण लागले.

"नाही काकी," मी म्हटलं. "आमच्याएवढंच पिते."

"आणि एकीला?"

"नाही. नेहमीसारखंच."

काकीने माझ्या गालावरून हात फिरवला आणि डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी अशक्तपणासाठी ग्लुकोजची बाटली लावली. अख्खी बाटली. सकाळी मंदा हाकेला ओ देईना. पप्पांनी कारखान्याची जीप मागवली आणि तिला उल्हासनगरच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. तिथे एका तरुण डॉक्टरीणबाईने नुसतं तिच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि लघवी तपासायला धाडली.

मंदा चार दिवस बेशुद्ध होती. मेली नाही. आज ती बदलापूरला कुळगावात राहते, तिला एक मुलगा आहे, एका डोळ्याने दिसत नाही आणि दुसऱ्याचं ऑपरेशन झालं आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याला टांगून ठेवायचा मला अधिकार नाही.

तिसऱ्या दिवशी आई पेज घेऊन हॉस्पिटलात निघाली, ती मलाही घेऊन गेली. पेज मंदाला देता येणार नव्हती, ती काकीसाठी होती. आम्ही पोचलो तेव्हा ती डॉक्टरीणबाई काकीला बोलत होती. रागावलेली होती. "एवढ्या लहान मुलीला डायबेटीस, आणि तुम्ही ग्लुकोज चढवून आणलीत? आठवड्यानुआठवडे ही घटाघटा पाणी पीत असणार, सारखी जात असणार. घरात कोणाचं लक्ष नव्हतं? शाळेत कोणी बघितलं नाही?"

काकी म्हणाली, "मी विचारलं होतं. नाही म्हणाली पोरं."

तिने 'पोरं' म्हटलं. माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. मी पेजेचा डबा छातीशी धरून उभी होते आणि तो इतका गरम होता की छातीला चटका बसत होता. मी तो खाली ठेवला नाही.

मंदाला घरी सोडताना इंजेक्शनं दिली, रोज दोन वेळा, आयुष्यभर. बाटली थंड जागी ठेवायची. नर्स म्हणाली, माठाला ओलं फडकं गुंडाळून त्यात ठेवा, नाहीतर कोणाकडे फ्रिज असेल तर बघा. चाळीत कोणाकडेच नव्हता. आमच्याकडे होता. पप्पांनी स्वतः मंदाच्या वडिलांना बोलावून सांगितलं, "आमच्याकडे ठेवा. दिवसातून दहा वेळा या, संकोच करू नका." मंदाच्या वडिलांनी आमच्या दारात उभं राहून पप्पांच्या पायाला हात लावला. पप्पा मागे सरकले.

तेव्हापासून दिवसातून दोनदा ती आमच्याकडे यायची. सकाळी सातला जिन्यावर सावकाश पावलं वाजायची. तोवर काकीने खाली स्टोव्हवर काचेची सिरिंज उकळून एका स्टीलच्या डबीत घालून दिलेली असायची. मंदा ती घेऊन वर यायची, फ्रिजच्या दारातून अंड्यांच्या शेजारची बाटली मी काढून तिच्या हातात द्यायची. आमच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, स्कर्ट जरा वर करून, ती स्वतःच मांडीत सुई टोचायची. काकीचे हात थरथरायचे म्हणून ती स्वतः शिकली होती. सुई आत जाताना तिचा चेहरा जराही हलायचा नाही. मग बाटली परत माझ्याकडे. संध्याकाळी परत तेच. ती माझ्याशी चांगलं बोलायची. गृहपाठ विचारायची. एकदाही तिने नळाचं, बादलीचं नाव काढलं नाही. मला वाटायचं, बेशुद्धीत ती सगळं विसरली असेल. मी तशी देवाकडे प्रार्थनाही करायची.

शाळेत निकम सरांनी प्रार्थनेनंतर मुलांना समजावून सांगितलं की जास्त गोड खाल्ल्याने काय होतं. मंदाचं नाव घेतलं नाही, पण तिच्याकडे बघून बोलले. तिचं नवं नाव साखर पडलं. मधल्या सुट्टीत ती पायरीवर बसून डबा खायची, पूर्ण, शेवटच्या घासापर्यंत, कारण आता तिला वेळेवर खावंच लागायचं. राऊंड बंद झाले नाहीत. संक्रांतीनंतर परत काटा आला, परत यादी झाली, आणि शिट्टी माझ्याकडेच राहिली. त्या वर्षी तालुक्याच्या शर्यतीत मी दुसरी आले.

एक दिवस मी आईला सगळं सांगितलं. ती ओट्याशी बसून कोलंबी सोलत होती. मी राऊंडपासून सुरू केलं, बादली सांगितली, मुंग्या सांगितल्या, काकीला काय म्हटलं ते सांगितलं. सांगताना मला रडू आलं, तिने मात्र हात थांबवले नाहीत. कोलंबीची पाठ चिरायची, काळा दोरा ओढायचा, वाटीत टाकायची. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "हे पप्पांना सांगायचं नाही."

"मी काकीला सांगू?"

"कोणालाच नाही. तिचा नवरा पप्पांच्या हाताखाली आहे, उद्या कारखान्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि सांगून पोरीचं दुखणं जाणार आहे का?" तिने हात धुतले आणि पदराला पुसले. मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "आपण बाटली ठेवतो ना त्यांची. रोज दार उघडतो. खूप झालं तेवढं."

त्या दिवसापासून आई मंदाशी जास्तच प्रेमाने वागायला लागली. तिच्या सुईच्या वेळी रेडिओचा आवाज कमी करायची, मांडीवर बर्फाचा खडा फिरवून द्यायची. काकी येऊन म्हणायची, "वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू," आणि आई म्हणायची, "उपकार कसले, आमच्या शैलासारखीच ती." मी तिथेच असायची. आई माझ्याकडे एकदाही बघायची नाही.

असं दीड वर्ष गेलं. नववीच्या सुरुवातीला मंदाच्या वडिलांनी कॅम्प चारमधल्या एका सिंधी मेकॅनिककडून जुना दुरुस्त केलेला फ्रिज घेतला. हातगाडीवर दोरीने बांधून आणला, तेव्हा सगळी चाळ बाहेर आली. पोपटी रंगाचा, एका बाजूला पोचा आलेला. दारातून आत जाईना म्हणून चौकट थोडी तासावी लागली. काकीने त्याला हळदकुंकू वाहिलं. मी गॅलरीतून बघत होते.

संध्याकाळी मंदा वर आली. आई देवळात गेली होती, पप्पा पाळीवर. मी फ्रिज उघडला, बाटली काढून तिच्या हातात दिली. स्टुलावर न बसता तिने ती सोबत आणलेल्या ओल्या फडक्यात गुंडाळली. अंड्यांच्या शेजारी बाटलीची गोल जागा रिकामी दिसत होती.

"आता यायला नको मला," ती म्हणाली.

"ये ना अशीच," मी म्हटलं.

ती जिन्यापर्यंत गेली आणि थांबली. फडक्यातली बाटली तिने दोन्ही हातांनी धरली होती.

"आईने तुला विचारलं ना त्या दिवशी, मी पाणी फार पिते का म्हणून. मी जागी होते."

मी विचारलं, "मग तू सांगितलं का नाहीस? शुद्धीवर आल्यावर तरी?"

मंदाने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सुई टोचताना असायचा तसाच तो होता.

"बाटली कुठे ठेवली असती मग?" ती म्हणाली, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली गेली.